तिसरं सोंग

हॅलिफॅक्स, सोमवार, १६ मार्च

प्रिय मार्सेलिन,

आधी हे लिहिते, म्हणजे पुढचं वाचताना तुझा जीव टांगणीला लागायला नको: मायेली वाचली आहे.

तुला फोन करून करून थकले. शेवटी तुझ्या शेजारच्या लिऑनीला विचारलं, तर म्हणाली की तू रविवारी सकाळच्या बसनं मंक्टनला बहिणीकडे गेलीस. म्हणजे तुझ्या कानावर काहीच आलेलं नसणार. आलं असतं तर तू मला असं एकटीला टाकून गेली नसतीस. बहिणीचा पत्ता माझ्याकडे नाताळच्या कार्डावरचा होता, त्यावर पाठवते आहे.

शनिवारी दुपारी आपल्याकडे डोंगरावरून तो सुएत वारा सुटला होता, तुला माहीतच आहे. वीज गेली. वीज असती तर माझा जावई रेझाँ टीव्हीवर हॉकी लावून कोचावर घोरत पडला असता. टीव्ही बंद म्हणून तो खेकड्यांचे पिंजरे नीट करायला शेडमध्ये गेला, आणि मायेली, त्याची पोर, तिथं होती. त्यापुढचं मला लिहवत नाही. तो वेळेवर गेला, एवढंच. ज्या वाऱ्यानं आपली छपरं उडवली, ज्याला आपण लहानपणापासून शिव्या घालत आलो, त्याच्यासाठी मी काल इथल्या चर्चमध्ये मेणबत्ती लावली.

तिथून तिला हॅलिफॅक्सला आणलं. मुलांच्या मनाच्या आजारांसाठी इथं वेगळा मजला आहे. जोसे, माझी लेक, कालपासून काही खात नाही. मी पर्समधल्या बिस्किटाचे तुकडे करून तिच्या तोंडात घालते, जशी मायेलीला घालायची.

मला काही कळत नाही, मार्सेलिन. इतकी गुणी नात माझी. यंदाचा उपवासकाळ किती मनापासून पाळत होती. तुला आठवतं, उपवासकाळ सुरू झाला त्या राखेच्या बुधवारी तू माझ्या स्वयंपाकघरात आपल्या गालिच्याच्या चौकटीसमोर बसली होतीस? मी मुद्दाम विषय काढला होता. जोसेला वाटतंय मायेलीचं काहीतरी बिनसलंय, मी म्हटलं, दुपारपर्यंत झोपते, केस विंचरत नाही, मैत्रिणींचे फोन घेत नाही. मला काही तसं वाटत नाही, पण तू बघ. दर गुरुवारी ती तुझ्याकडे गालिचा शिकायला जायची, म्हणून तुलाच विचारलं.

तू गोणपाटातून लोकर ओढत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "पंधरा वर्षांची आहे ती. पंधराव्या वर्षी कोण धड असतं? मी पण अशीच होते. झालं का काही मला?"

"नाजूक छाती सोडली तर काही नाही," मी म्हणाले, आणि आपण दोघी हसलो.

तेच मी जोसेला सांगितलं. मार्सेलिन म्हणते वय आहे. झालं, विषय मिटला.

आणि गेल्याच गुरुवारी मी-कारेमच्या सणाला आपण किती हसलो. उपवासकाळाच्या मधोमध तेवढीच काय ती मजा, तीन सोंगं एकदम दारात. पहिलं तर बसायच्या आतच ओळखू आलं, बेकरीवाल्या ऑर्मांचं ढेरपोट कुठल्या झग्यात मावणार? दुसरी त्याची बायको. तिसरं कोण होतं ते मला अजून सुचलेलं नाही. माझा संशय पोस्टातल्या जिनेटवर आहे. तुझं काय मत? मला आज हसू येत नाहीये, तरी विचारते, कारण गुरुवारपर्यंत जग नीट होतं असं स्वतःला सांगावंसं वाटतं.

माझ्या मांजराला लिऑनी दूध घालते आहे. तू जपमाळ म्हण. आणि मंक्टनला थंडी असेल, छातीला शाल गुंडाळ.

तुझी,
योलांद


घरी, रविवार, २२ मार्च

मार्सेलिन,

कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर जाँ-बातिस्त आपल्याला पत्रं लिहायला शिकवायच्या तेव्हा म्हणायच्या, भांडणाचं पत्र असलं तरी "प्रिय" लिहायचं, ते माणसासाठी नसतं, आपल्या वळणासाठी असतं. आज माझ्याकडून ते होत नाही.

तिसरं सोंग कोण होतं ते कळलं मला. तुला आधीच माहीत होतं.

सरळ क्रमानं लिहिते, नाहीतर माझाच तोल जाईल.

तिथं एक तरुण डॉक्टर आहे, मॅकइसॅक नावाची. आपल्याच बेटावरची, पलीकडच्या स्कॉटिश गावची. फ्रेंच बोलते पण अडखळत, म्हणून प्रश्न छोटे छोटे विचारते. तिनं मला आणि जोसेला बसवून विचारलं, घरात आदळआपट करायची का? मी म्हटलं, हो, सप्टेंबर-ऑक्टोबरात रोज. दार असं आपटायची की भिंतीवरची पवित्र हृदयाची तसबीर वाकडी व्हायची. उद्धट उत्तरं, रडारड, सगळं. डॉक्टरनं ते फारसं मनावर घेतलं नाही. मग विचारलं, दार आपटणं थांबलं कधी?

जोसे माझ्याकडे बघायला लागली. मी जोसेकडे.

नाताळानंतर थांबलं. दार हळूच लावून घ्यायची, कडीचाही आवाज नाही. जोसेनं मला फोनवर सांगितलं होतं, आई, हल्ली शांत झालीय गं. आणि मी म्हटलं होतं, देवाची कृपा, शहाणी झाली.

डॉक्टर म्हणाली, दार आपटणाऱ्या मुलीला वाटत असतं की बाहेर कुणीतरी आहे, त्यानं ऐकावं. मुलगी हळू दार लावायला लागली की घरच्यांना बरं वाटतं, आणि तेव्हाच बघायला हवं असतं. आम्हाला दोष देत नव्हती. दिला असता तर मी भांडले तरी असते.

मग तिनं गुरुवारचं विचारलं. कुठला गुरुवार? तर मी-कारेमचा. ती म्हणाली, मायेलीनं सांगितलंय की त्या संध्याकाळी ती तुमच्या स्वयंपाकघरात आली होती.

मी म्हटलं, छे, ती घरी झोपली होती. यंदा तिनं मी-कारेमसुद्धा सोडलंय.

मला कळायला थोडा वेळ लागला.

तिनं बापाचा जुना मेणकापडी कोट घातला होता. तोंडावर उशीचा अभ्रा, हातात रेझाँचे बोटीवरचे लोकरी हातमोजे. दोन सोंगांच्या मागून तिसरी आत आली आणि चौकटीजवळच्या खुर्चीवर बसली, तुझ्या समोर, माझ्या कोपराशी. तिनं मनाशी ठरवलं होतं, मार्सेलिन. मेमेरनं, म्हणजे आजीनं, मला ओळखलं, माझं नाव घेतलं, तर अभ्रा काढायचा आणि सगळं सांगून टाकायचं. नाही ओळखलं तर नाही. आपल्या घराघरांतला तो खेळ, नाव घेतलं की तोंड दाखवायचं, ताटलीतल्या फजच्या वड्या संपेपर्यंत ओळखता आलं नाही तर सोंग तसंच निघून जाणार. तिनं त्या खेळात स्वतःला पणाला लावलं होतं.

मी काय काय नावं घेतली ते तुला आठवतच असेल. आधी म्हटलं पाद्रीसाहेब. सगळे हसले. मग म्हटलं ऑर्मांचा भाऊ. सोंगानं मान हलवली, नाही. मी म्हटलं, बोल तर खरं, मुकं आहेस का? आवाज ओळखू येऊ नये म्हणून सगळी सोंगं बोलतात तसं ते श्वास आत ओढत बोललं, "अजून शोध." त्या ओढलेल्या आवाजात मला माझी नात ऐकू आली नाही. मग त्यानं चौकटीवर लोंबणारं लोकरीचं एक टोक मोज्यातल्या बोटानं खालच्या बाजूला सारलं, अलगद, जसं गालिचा करणारं माणूस न बघता सारतं. मी टाळी वाजवली आणि म्हणाले, पकडलं, ही जिनेट! हिला आपलं काम येतं!

सोंगानं मान हलवली. तोवर फज संपली होती. मी उठून ताटली धुवायला लागले.

लोकरीचं टोक तसं सारायला तिला कुणी शिकवलं होतं? दर गुरुवारी, तुझ्या घरी, तुझ्या चौकटीवर? मी बघितलं आणि मला जिनेट दिसली. तू बघितलंस आणि तुला मायेली दिसली. कारण दारातून बाहेर पडताना तू तिचा हात दाबलास. हे तिनंच सांगितलं डॉक्टरला. मार्सेलिननं मला ओळखलं होतं, हात दाबला, पण काही बोलली नाही.

एक शब्द होता, मार्सेलिन. तीन अक्षरांचं नाव. मी ताटली धूत तुझ्याकडे पाठ करून उभी होते. तुला फक्त म्हणायचं होतं, "योलांद, अगं ही मायेली."

बसनं निघालीस तेव्हा तुला शनिवारची बातमी कळलेली होती, हेही लिऑनीनं आता कबूल केलं. तिनंच तुला सांगितली होती. तू तिला सांगून गेलीस की योलांदला म्हण, मला काही माहीत नव्हतं.

लोकर ओढायची तुझी आकडी आणि कातर माझ्या खिडकीत पडली आहे. कुणाला तरी पाठव न्यायला. गालिचा अर्धा आहे, तो मी गुंडाळून माळ्यावर टाकला.

योलांद


हॅलिफॅक्स, झावळ्यांचा रविवार, २९ मार्च

मार्सेलिन,

तुझं उत्तर नाही. तरी लिहिते, कारण परवा आणखी एक गोष्ट कळली आणि ती मला दुसऱ्या कुणाला सांगता येत नाही. अशी गोष्ट मी आजवर फक्त तुलाच सांगत आले. तुझ्याविरुद्धची तक्रार घेऊन तुझ्याच दारात यावं लागावं, हा काय माझ्या नशिबाचा खेळ आहे कळत नाही.

आता मला तिला भेटू देतात. खिडकीकडे तोंड करून बसते, केस तोंडावर. मी आपलं गावाकडचं सांगत असते. बर्फ वितळतोय, बंदरातला बर्फ फुटला, तिचे बाबा पुढच्या आठवड्यात बोट पाण्यात घालणार, अर्थात घालतील तेव्हा खरं, कारण सध्या ते इथंच खाली पार्किंगमध्ये ट्रकमध्ये बसून असतात, वर यायला त्यांचा धीर होत नाही. ती ऐकते की नाही कळत नाही. परवा माझ्या तोंडून तुझं नाव गेलं, आणि चांगल्या शब्दांत गेलं नाही. म्हटलं, त्या बाईला मी पुन्हा माझ्या उंबऱ्यावर उभी करणार नाही.

तेव्हा ती वळली. पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं.

"मार्सेलिनला काही बोलायचं नाही, मेमेर," ती म्हणाली. "हे वयामुळे आहे असं मला न म्हणणारी ती एकटीच होती."

मी म्हटलं, अगं, तिनंच तर मला सांगितलं की हे वय आहे, माझ्या तोंडावर सांगितलं, राखेच्या बुधवारी.

"मला नाही असं म्हणाली. मला म्हणाली, हा आजार आहे, औषध असतं त्याला, मला झाला होता. पंधराव्या वर्षी. कॉन्व्हेंटमध्ये असताना." मग माझ्याकडे बघून थोडी थबकली. "तिची छाती कधीच बिघडली नव्हती, मेमेर. तुला माहीत नव्हतं?"

मी जपमाळ शोधायचं निमित्त करून पर्समध्ये डोकं घातलं.

मार्सेलिन, आपण दोघी तेव्हा शेजारच्या पलंगांवर झोपायचो. नोव्हेंबरातल्या एका सकाळी मी उठले तर तुझा पलंग उघडा, गादी गुंडाळलेली, उशीसुद्धा नाही. मोठ्या सिस्टरनं प्रार्थनेच्या वेळी सांगितलं की मार्सेलिनची छाती नाजूक आहे, तिला डोंगरावरच्या आरोग्यधामात पाठवलंय. मी नाताळाआधीच्या अख्ख्या अ‍ॅडव्हेंटमध्ये माझ्या वाटणीची काकवी लावलेली पोळी सोडली, तुझ्या छातीसाठी. मी, जी पोळीसाठी इतर मुलींशी मारामारी करायची. करड्या लोकरीची छातीपट्टी विणली आणि तिची एक बाजू मोठी झाली म्हणून रडले. तू वसंतात परत आलीस, फिकट, केस कापलेले, आणि तीच छातीपट्टी घालून आलीस. मी सगळ्या मुलींना सांगत फिरले की ही माझ्यामुळे बरी झाली.

आणि मग उभ्या जन्मात दर हिवाळ्याला मी तुझ्या छातीला हंसाची चरबी चोळली. तुझं लग्न झालं, तुझा नवरा गेला, आपण म्हाताऱ्या झालो, तरी थंडी पडली की बरणी घेऊन मी तुझ्या दारात. तू ब्लाउजची बटणं सोडून खुर्चीवर बसायचीस. तू खोकायचीससुद्धा.

मला सांगता आलं नाही तुला. ठीक आहे. तेव्हा कुणी कुणाला असलं सांगत नव्हतं, सिस्टरनीच खोटं सांगितलं तर पंधरा वर्षांच्या मुलीनं काय करायचं. पण नंतर? आपल्यासमोर त्या चौकटीवर किती गालिचे झाले. तुझा एक हात वर, एक खाली, माझा एक हात वर, एक खाली, मधे गोणपाट. मी तुला काय नाही सांगितलं? नवऱ्याचं सांगितलं. माझ्या पोटातच गेलेल्या पोराचं सांगितलं, जे मी पाद्र्यालाही सांगितलं नव्हतं. तू ऐकायचीस आणि लोकर ओढायचीस. मला वाटायचं, मार्सेलिनकडे सांगण्यासारखं काही नसतं, साधं आयुष्य आहे बिचारीचं.

तेही सोडते. पण राखेच्या बुधवारी मी तुला माझ्या नातीबद्दल विचारलं. गावात दुसऱ्या कुणाला विचारलं असतं आणि त्यानं वय आहे म्हटलं असतं, तर मी म्हटलं असतं अडाणी आहे बिचारा. तू एकटी अशी होतीस जिला फरक माहीत होता. हट्टीपणा कशाला म्हणायचं आणि दुखणं कशाला म्हणायचं, ते तुझ्या अंगावरून गेलं होतं. तू मला म्हणालीस वय आहे. तिला म्हणालीस वय नाही. एकाच आठवड्यात. आणि मला वर विचारलंस, झालं का काही मला?

एक तुला माहीत नसलेलंही सांगते, म्हणजे हिशेब एकतर्फी वाटायला नको. त्याच बुधवारी चर्चमधून परतताना मी मायेलीला विचारलं होतं, यंदा काय सोडणार तू? आमच्या घरी सगळे सोडतात. मी चॉकलेट, जोसे तिचा मोबाइलवरचा खेळ, रेझाँ बिअर, हॉकीचे दिवस वगळून. तिनं व्हायोलिन आधीच मामेबहिणीला देऊन टाकलं होतं, निळा कोट दिला होता, जेवण अर्धं करत आणलं होतं. ती म्हणाली, "सगळंच, मेमेर." तिच्या कपाळावर राख होती. मी तिथंच तिचा मुका घेतला, माझ्या ओठांना राख लागली. संध्याकाळी पाद्रीसाहेबांना अभिमानानं सांगितलं की आमची मायेली बहुतेक मठात जाणार.

तेव्हा मी काय बघितलं आणि काय नाही, ते मला माहीत आहे. मला ते कुणी सांगायला नको. पण मला कुणी शिकवलं नव्हतं. तुला येत होतं.

योलांद


हॅलिफॅक्स, पवित्र शनिवार, ४ एप्रिल

मार्सेलिन,

तुझं पत्र काल आलं. शुभ शुक्रवारी पोस्ट बंद असते, पण जिनेटनं लिऑनीकडे दिलं, लिऑनीनं रेझाँच्या भावाकडे, आणि तो इथं जेवणाचे डबे घेऊन आला तेव्हा फ्रिकोच्या भांड्याला चिकटवलेलं होतं. पाकिटावर रस्सा सांडला आहे. तरी वाचता आलं.

तू लिहिलंस की कॉन्व्हेंटमध्ये तू एकाच माणसाला सांगितलं होतंस, सिस्टर उर्सुलाला, आणि दिवस उजाडायच्या आत तुझा पलंग रिकामा झाला. म्हणून मायेलीनं तुला कुणाला न सांगण्याचा शब्द मागितला तेव्हा तू दिलास, आणि मी विचारलं तेव्हा तिला वाचवायचं म्हणून मला खोटं सांगितलंस. ईस्टरनंतर तिला तूच डॉक्टरकडे न्यायला तयार करणार होतीस. तुला वाटलं वेळ आहे. दारात हात दाबलास तो म्हणजे पुढच्या गुरुवारी ये, असं. तिला गुरुवारपर्यंत थांबायचं नव्हतं, हे तुला कसं कळणार, असंही लिहिलं आहेस.

आणि मला कधी सांगितलं नाहीस, कारण, तुझेच शब्द, "तू माझ्या छातीसाठी अ‍ॅडव्हेंटभर पोळी सोडली होतीस, योलांद. तुला कुठल्या तोंडानं सांगणार होते?"

हे वाचून मला थोडं हसू आलं. त्याचा मला राग आला.

काल कन्फेशनला गेले होते. इथले पाद्री तरुण आहेत, घाईत असतात. मी सांगितलं, एका बाईला क्षमा करता येत नाही. त्यांनी विचारलं, प्रयत्न केलात का? मी म्हटलं, नाही. तरी त्यांनी मला पापमुक्त केलं. बहुतेक बाहेर रांग फार होती. तेव्हा तुला स्पष्ट सांगते, मी तुला क्षमा केलेली नाही. पुढे कधी होईल का माहीत नाही. गालिचा माळ्यावरच आहे.

पण पत्र लिहायचं कारण वेगळं आहे.

या मजल्यावर एका मुलीला दोनच माणसं भेटू शकतात, तीही आधी नावं दिलेली. रोज वेगवेगळे पाहुणे आले की मुलं बिथरतात म्हणे. जोसे आहेच. दुसरी मी होते. मायेलीनं बुधवारी डॉक्टरला सांगितलं की तिला मार्सेलिन हवी आहे. जोसेनं मला हे फार घाबरत घाबरत सांगितलं, जणू मी भांडी फेकीन. वर म्हणाली, तू नाही म्हटलंस तर आम्ही तिला समजावू, आई.

मी कॅन्टीनमध्ये जाऊन बसले. समोर कुणाचा तरी मुलगा चॉकलेट खात होता. मला आठवलं की उपवासकाळ संपत आला, उद्यापासून मलाही खाता येईल. जन्मभर मी दरवर्षी चॉकलेट सोडत आले, आणि दरवर्षी ईस्टरला दुप्पट खाल्लं.

मग वर गेले आणि काउंटरवरच्या मुलीला माझं नाव काढून तुझं लिहायला सांगितलं. तिनं स्पेलिंग विचारलं. सांगताना माझा आवाज नीट होता.

मंगळवारी दुपारी दोन वाजता भेटण्याची वेळ आहे. मंक्टनहून सकाळची बस पकडलीस तर वेळेत पोचशील. स्टँडवर रेझाँ ट्रक घेऊन उभा असेल. तो काही बोलणार नाही, त्याचं मनाला लावून घेऊ नकोस, तो कुणाशीच बोलत नाही. दर वेळी भेटून खाली आलीस की त्याला फक्त सांग की वर तिची तब्येत कशी आहे, त्याला विचारायला जमत नाही. फज आणू नकोस, बाहेरचं चालत नाही. तुझी आकडी आणून देऊ का विचारलं, तर नर्स म्हणाल्या टोकदार काहीच नको. लोकर मात्र चालते. पिशवीभर आण, निळी जास्त.

आपली भेट होणार नाही. तू वर असशील तेव्हा मी रस्त्यापलीकडच्या चर्चमध्ये बसेन. खिडकीतून मला शोधू नकोस.

एवढंच एक लक्षात ठेव. ती तोंडावर केस घेऊन खिडकीकडे वळून बसलेली असेल, तू आलेली कळूनही वळणार नाही. कोट काढत बसू नकोस, खुर्ची ओढू नकोस, तिचा हात धरू नकोस. दारातूनच आधी तिचं नाव घे. मोठ्यानं.

योलांद